आजीला 30 पैकी 21 मिळाले, म्हणजे स्मृतिभ्रंश?

नमस्कार. मेमरी टेस्टच्या कागदावर 30 पैकी 21 दिसले की अख्ख्या घराचे चेहरे उतरतात. पण त्या आकड्याकडे बघण्याआधी एक विचारा: आजी शाळेत कितवीपर्यंत गेली होती?

ही टेस्ट बऱ्याचदा एमएमएसई, म्हणजे मिनी-मेंटल स्टेट एक्झामिनेशन, असते. 1975 साली अमेरिकेत फोल्स्टीन पती-पत्नी आणि मॅकह्यू यांनी ती मांडली. आज वार कोणता, तारीख काय. तीन शब्द ऐका, मग थोड्या वेळाने परत सांगा. 100 मधून 7 वजा करत जा. एक वाक्य लिहा. एकमेकांत अडकलेले दोन पंचकोन काढा. साधारण 24 च्या खाली गुण आले की शंका घेतात.

आता बघा, थोड्या वेळाने आठवून सांगायचे शब्द फक्त तीन, त्यांचे गुण 3. वजाबाकी, लिहिणं, चित्र हे सगळं शाळेत हाताला लागलेलं काम. जिने आयुष्यात पेन्सिल धरली नाही, तिचा पंचकोन चुकणारच! 1993 साली अमेरिकेतल्या 18 हजारांवर सर्वसामान्य लोकांचे गुण प्रसिद्ध झाले. नऊ वर्षं किंवा जास्त शिकलेल्यांचा मध्यक (गुण क्रमाने लावले की बरोबर मधला) 29 होता, चार वर्षांपर्यंत शिकलेल्यांचा 22. म्हणजे कमी शिकलेले निम्मे लोक 22 किंवा त्याखालीच.

हरियाणातल्या बल्लभगडच्या खेड्यांत संशोधकांनी म्हणूनच हिंदी टेस्ट वेगळी घडवली. वजाबाकीऐवजी आठवड्याचे वार उलटे म्हणायचे. वाक्य लिहायचं नाही, आपल्या घराबद्दल काहीतरी बोलायचं. मला हे फार मोलाचं वाटतं, कारण इथे माणसाप्रमाणे प्रश्न बदलला.

उलटंही होतं. निवृत्त प्राध्यापकांना 29 मिळतात, आणि घरी मात्र रोजचा हिशेब चुकायला लागलेला असतो. तेव्हा घरच्यांचं म्हणणं गुणांइतकंच महत्त्वाचं.

मग टेस्ट करायचीच नाही का? जरूर करा. ती निदान नाही, चाळणी आहे. आणि तिचा खरा उपयोग पुढच्या वेळी होतो: काही महिन्यांनी तीच टेस्ट, त्याच भाषेत, आणि मग आधीच्या गुणांशी तुलना. पहिला कागद फाईलला लावून ठेवा.

जाताना कानाचं मशीन घालून न्या, कारण शब्द ऐकूच आला नाही तर आठवणार कसा? चालू गोळ्यांची यादी घ्या, झोपेच्या गोळ्यांसकट. बी-12, थायरॉईड आणि मनाची उदासी तपासली का, हे डॉक्टरांना स्पष्ट विचारा. यांच्यामुळेही विसरभोळेपणा येतो, आणि यांवर उपचार आहेत.