राजांना तो तारा दिसला कसा?

मंडळी, बोलायचं ठरवलं होतं मराठी वाचनाबद्दल. पण ६ जानेवारीपासून माझ्या डोक्यात एकच प्रश्न घोळतोय, तोच आज तुमच्यापुढे ठेवते.

तारा बघत बाळ येशूच्या दर्शनाला आलेल्या तीन राजांच्या फेस्ताला, म्हणजे सणाला, मी नातवाला घेऊन इथे गोव्यातच रेइश मागुशला गेले होते. राजांचा वेश केलेली ती लहान मुलं बघून आमचा आठ वर्षांचा गडी खूश. रात्री पर्वरीला घरी आलो, तर हा व्हरांड्यातल्या नखेत्राखाली, म्हणजे नाताळच्या चांदणीच्या कंदिलाखाली, उभा राहिला, वर बघितलं आणि म्हणाला, “आजी, त्या राजांना तारा दिसला कसा? त्यांच्याकडे लाइट नव्हते?”

मांडवीच्या बाजूचं आकाश राखाडी-पिवळं झालेलं. मृगाचे तीन तारे तेवढे कसेबसे सापडले. वसईला लहानपणी नाताळच्या मध्यरात्रीच्या मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेला, निघालो की बाबांच्या हातात कंदील असायचा. त्याचा उजेड फक्त पायांपुरता. वरचं आकाश तसंच्या तसं राहायचं.

आता आमच्या फाटकावर एलईडीचा फ्लडलाइट आहे. त्यावरून घरात वाद झाला. मी म्हटलं, काढा. सून म्हणाली, “आई, मी रात्री अकराला कामावरून येते.” तिचंही खरंच आहे. शेवटी मुलाने त्याला वरून पत्र्याची टोपी केली आणि पिवळा दिवा घातला. पांढऱ्या एलईडीतला निळसर प्रकाश हवेत जास्त विखुरतो, हे तेव्हा वाचलं. जगातल्या साधारण एक तृतीयांश लोकांना घरून आकाशगंगा दिसत नाही, असं २०१६ च्या जागतिक नकाशात निघालं. मोरजीच्या किनाऱ्यावर कासवाची पिल्लं वाळूतून बाहेर येतात ती उजेडाकडे धावतात. पूर्वी तो उजेड समुद्रावरच्या आकाशाचा असायचा. आता ती दिव्यांकडे वळतात, रस्त्याकडे.

मी श्रद्धेने ख्रिस्ती आहे, म्हणून हे मला जास्त लागतं. उत्पत्तीच्या पुस्तकात देवाने प्रकाश केला, त्याला दिवस म्हटलं, आणि अंधाराला रात्र म्हटलं. त्याने रात्र पुसून टाकली नाही, तिला नाव दिलं. ईस्टरच्या आदल्या रात्री आम्ही चर्चमधले सगळे दिवे घालवतो. बाहेर नवा अग्नी पेटतो, त्यावरून पास्काची मोठी मेणबत्ती, मग एकाच्या मेणबत्तीवरून दुसऱ्याची. शेजारणीचा चेहरा हळूहळू उजळत जातो, हातावर मेण ओघळतं. प्रभू प्रकाश आहे हे मला प्रवचनापेक्षा तिथे जास्त कळलं. ट्यूबलाइट चालू ठेवून ते कळलं नसतं.

आणि आपण काय करतो? गेल्या कोजागिरीला याच पटांगणात चार हॅलोजन लावून मसाला दूध प्यायलो. चंद्र बरोबर डोक्यावर होता. फोटो छान आले, पण चंद्राकडे किती जणांनी पाहिलं? मंगेशीच्या दीपमाळेचं कौतुक करणारी माणसं आपण! यंदा अर्धा तास तरी दिवे घालवा, एवढं माझं मागणं आहे.

कार्यवाह म्हणाले, मुलं घाबरतील. घाबरतील खरी. त्या रात्री मी फाटकावरचा दिवा घालवला, तेव्हा तारे बघायला निघालेल्या माझ्या नातवाने माझा हात इतका घट्ट धरला होता की बांगडी रुतली.