थापटण्यानंतरचे नामदेव

(परदेशातल्या आमच्या मराठी मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात केलेलं भाषण. संकेतस्थळासाठी थोडं संपादित केलं आहे.)

नमस्कार मंडळी.

समितीने मला विषय दिलाय ‘श्रद्धेतली परिपक्वता’. विषय एवढा मोठा, आणि मागून मसालेभाताचा वास सुटलेला! म्हणून मी एकाच माणसाबद्दल बोलणार आहे. संत नामदेव.

तेरची गोष्ट तुम्हा सगळ्यांना पाठ आहे, त्यामुळे भरभर सांगतो. गोरोबाकाकांच्या, म्हणजे संत गोरा कुंभारांच्या घरी संतमंडळी जमली होती. मुक्ताबाईंनी थापटणं, म्हणजे मडकी थापटायचं लाकडी साधन, बघून विचारलं, हे कशाला? मडकं पक्कं की कच्चं ते पाहायला, काका म्हणाले. मग आमचीही परीक्षा होऊन जाऊ द्या! काकांनी एकेकाच्या डोक्यावर थापटणं मारलं. बाकीचे गप्प राहिले, नामदेव तेवढे चिडले. निकाल लागला : हे मडकं कच्चं.

लहानपणी आपल्याला याचा अर्थ सांगितला की नामदेवांना अहंकार झाला होता. मला तो अपुरा वाटतो. त्यांची भक्ती काय कमी होती? विठ्ठल त्यांच्या हातचा नैवेद्य खायचा, त्यांच्याशी बोलायचा, असं आपली परंपराच सांगते. देवाशी इतकी सलगी असलेला माणूस, आणि तोच कच्चा! म्हणजे भक्तीची उत्कटता वेगळी आणि भक्तीचा पक्केपणा वेगळा. मला कौतुक वाटतं ते वारकऱ्यांचं. आपल्या लाडक्या भक्ताला नापास करणारी गोष्ट त्यांनी लपवली नाही, शेकडो वर्षं कीर्तनांतून हसत हसत सांगितली.

आता त्या नैवेद्याच्याच गोष्टीबद्दल. आपल्या रविवारच्या मराठी शाळेत ती सांगून झाल्यावर एका चिमुरडीने विचारलं, ‘विठ्ठल एकदा जेवला, मग रोज का नाही जेवत?’ वर्गात मागे बसलेल्या दोन-तीन पालकांचे चेहरे असे झाले की विचारू नका. एक जण तर पटकन म्हणाले, ‘देवाबद्दल असं विचारायचं नसतं.’ अहो, का नसतं? त्या पोरीला विठ्ठलाच्या जेवणाची काळजी आहे! आपल्याला प्रश्न टोचला, कारण उत्तर आपल्याकडेही नव्हतं.

परदेशात हे जास्त होतं. इथे आपल्यातले काही जण विमानात बसले त्या वर्षीचा महाराष्ट्र जसाच्या तसा धरून बसलेत. तिकडे चुलतभावाने दीड दिवसाचा गणपती कधीच घरच्या बादलीत विसर्जित करायला सुरुवात केली, आणि इथे आम्ही आरतीच्या क्रमावरून दोन बैठका घेतो. दुसरे काही जण सगळं सोडून देतात आणि वर म्हणतात, आम्ही आता त्याच्या पलीकडे गेलोय. माफ करा, पण मला तीही परिपक्वता वाटत नाही. थापटणं बसायच्या आधीच जो उठून गेला, त्याची परीक्षा झालीच कुठे?

नामदेव उठून गेले, पण विसोबा खेचरांकडे गेले, त्यांना गुरू केलं. औंढ्या नागनाथाच्या देवळात पिंडीवर पाय ठेवून झोपलेला म्हातारा, म्हणजे हेच विसोबा, आणि ‘जिथे देव नाही तिथे माझे पाय ठेव’ हा त्याचा सवाल तुम्हाला ठाऊकच आहे. मला सांगायचंय ते त्याच्या पुढचं.

मंगळवेढ्याला भिंत कोसळून संत चोखोबा गेले. ज्यांना अस्पृश्य म्हणून हयातीत देवळाची पायरी चढू दिली नाही, त्यांच्या अस्थी नामदेवांनी शोधून आणल्या आणि पंढरपुरात महाद्वारासमोर त्यांची समाधी केली. विठ्ठल चराचरात आहे असं म्हणणं सोपं असतं. गावाच्या नजरेसमोर ते करून दाखवणं निराळं. आणि नामदेवांनी आपल्यासाठी जागा मागितली तीही तिथेच, महाद्वाराची पायरी. डोक्याला थापटणं लागलं म्हणून संतापलेल्या माणसाने येणाऱ्या-जाणाऱ्याचे पाय डोक्यावर मागून घेतले.

आणि मग पंजाब. गुरदासपूर जिल्ह्यातलं घुमान हे गाव आपल्यापैकी बऱ्याच जणांना २०१५च्या साहित्य संमेलनामुळे कळलं, खरं की नाही? तिथे नामदेव राहिले, तिथल्या लोकांना समजेल अशा बोलीत गायले. शिखांच्या गुरु ग्रंथ साहिबात त्यांची ६१ पदं आहेत. त्यातलं एक म्हणतं, हिंदू देऊळ पूजतो, मुसलमान मशीद; नाम्याने त्याची सेवा केली, जिथे देऊळही नाही आणि मशीदही नाही. हे वाचून कुणाला वाटेल, विठ्ठल मागे पंढरपुरात राहिला. पण त्याच ग्रंथात ते गातात, ‘ईभै बीठलु, ऊभै बीठलु, बीठल बिनु संसारु नही.’ इथेही विठ्ठल, तिथेही विठ्ठल. भाषा बदलली, माणसं बदलली, चंद्रभागा राहिली कुठल्या कुठे, पण विठ्ठल काही सुटला नाही. आणि समोरच्यांनी आधी पंढरपूरकर व्हावं अशी अटही त्यांनी घातली नाही. आपल्यासारख्या घर सोडून आलेल्यांना याहून जवळचा संत कोण?

म्हणून एक सुचवतो, समितीला विचारून सुचवतो. आषाढी यंदाही आपण हॉलमध्ये करूच. पण त्या आठवड्यात एक दिवस गुरुद्वारात जाऊ. तिथल्या मंडळींशी बोलणं झालंय. ते भगत नामदेवांचे शबद, म्हणजे ग्रंथातली पदं, गातील, आपण त्यांचे अभंग म्हणू, मग पंगतीत बसून लंगर. डोकं झाकायला रुमाल आणा. मुलांना जरूर आणा, आणि त्यांना काय विचारायचं ते तिथे विचारू द्या. टाळ आपल्याकडे पुरेसे आहेत. पखवाजही आहे, वाजवणारा मात्र हवाय. कुणाला येत असेल तर जेवणाआधी मला भेटा.