काट्यावरचा आकडा आणि कॅमेऱ्यानंतरचे शरीर

अध्यक्ष महोदय, आणि सांगली-मिरजेतून, तासगाव-पलूसकडूनही आवर्जून आलेले श्रोतेहो,

वजन घटवण्याच्या स्पर्धा दूरचित्रवाणीवर दाखवल्या जातात, त्यांत काही महिन्यांत माणूस ओळखू न येण्याइतका बदलतो, आणि ते पाहणाऱ्याच्या मनात येते की याला जमले तर मला का जमू नये. प्रश्न प्रामाणिक आहे आणि मिरजेत रुग्ण तपासताना तो माझ्यापुढे वारंवार येतो. विचारणाऱ्याने कार्यक्रम पाहिलेला असतोच असे नाही. त्याने विश्रामबागेतला एखादा फ्लेक्स पाहिलेला असतो किंवा मोबाइलवर एखादी रील पाहिलेली असते. पण आधीचे आणि नंतरचे अशी दोन छायाचित्रे शेजारी शेजारी लावायची आणि मधला काळ पुसून टाकायचा, ही मांडणी घराघरांत रुजवण्यात या कार्यक्रमांचा मोठा वाटा आहे. तिच्यावर विश्वास ठेवावा का, आणि ठेवू नये तर नेमके काय नाकारावे, एवढ्यावरच मी आज बोलणार आहे.

या प्रकारातला सर्वांत गाजलेला कार्यक्रम म्हणजे ‘द बिगेस्ट लूजर’. तो अमेरिकेत एनबीसी वाहिनीवर २००४ साली सुरू झाला आणि २००७ साली सहारा वन वाहिनीवर सुनील शेट्टी यांच्या सूत्रसंचालनाने त्याची हिंदी आवृत्तीही आली. स्पर्धकांनी ठरावीक काळाने सर्वांसमोर काट्यावर उभे राहायचे, ज्यांच्या वजनातली घट शेकडा प्रमाणात सर्वांत कमी असेल त्यांच्यावर बाद होण्याची वेळ यायची, आणि शेवटी ज्याने सर्वांत जास्त टक्के वजन घटवले त्याला अडीच लाख डॉलर मिळायचे. २०१४ साली २४ वर्षांची एक तरुणी सुमारे ११८ किलोवरून ४८ किलोपर्यंत उतरून विजेती ठरली, तेव्हा तिची कृश देहयष्टी पाहून अमेरिकेतले प्रेक्षकही हादरले आणि या स्पर्धेला मर्यादा असावी की नाही यावर तिथे उघड चर्चा झाली.

आता काट्यावरच्या आकड्याकडे वळू. पहिल्याच आठवड्यात दहा-दहा किलो उतरल्याचे या कार्यक्रमांत दाखवले गेले आहे. काटा खोटा होता असे मी म्हणत नाही, पण त्या दहा किलोंत काय होते हे विचारलेच पाहिजे. शरीरातील एक किलो चरबीत ढोबळमानाने ७,७०० कॅलरी साठवलेल्या असतात. दहा किलो निव्वळ चरबी सात दिवसांत जाळायची, तर रोज ११,००० कॅलरींची तूट पडायला हवी. दीडशे किलोचा माणूस अन्नाचा कण न घेता दिवसभर घाम गाळत राहिला तरी एवढी तूट पडणे शक्य नाही. म्हणजे उरलेले वजन दुसरीकडून गेलेले असते. यकृतात आणि स्नायूंत ग्लायकोजेनच्या रूपाने साखरेचा साठा असतो आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर साधारण तीन ग्रॅम पाणी बांधलेले असते. आहार एकदम तोडला की हा साठा दोन-तीन दिवसांत रिता होतो आणि ते पाणी निघून जाते. त्यात मीठ कमी झाल्याने उतरणारे पाणी, घामाचे पाणी आणि आतड्यांतला कमी झालेला ऐवज मिळवा, म्हणजे पहिल्या आठवड्याच्या चमत्काराचा मोठा भाग कशाचा होता ते कळेल.

ही गोष्ट सांगली आणि सातारा जिल्ह्यांतल्या माणसांना मी समजावून सांगावी अशी नाही. हिंदकेसरी मारुती माने यांचे कवठेपिरान इथून जवळ आहे आणि १९५२ साली हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवणाऱ्या खाशाबा जाधवांचे गोळेश्वर कराडला लागून आहे. वजनगटात बसण्यासाठी पैलवान काय करतो हे तालमीत वाढलेल्या पोरालाही ठाऊक असते: पाणी तोडायचे, अंगावर कपड्यांचे थर चढवून पळायचे, काट्यावरून उतरले की पुन्हा पाणी प्यायचे. पॅरिस ऑलिंपिकमध्ये २०२४ साली अमन सेहरावत याने ५७ किलो गटातल्या कांस्यपदकाच्या कुस्तीआधी दहा तासांत ४.६ किलो वजन उतरवल्याचे आपण वाचले, आणि त्याच स्पर्धेत विनेश फोगाट ५० किलोला केवळ १०० ग्रॅम जास्त भरली म्हणून अंतिम लढतीपूर्वी अपात्र ठरली. अमनने दहा तासांत साडेचार किलो चरबी जाळली, असे कोणताही वस्ताद म्हणणार नाही. हे सारे धोक्याचे असते. १९९७ साली अमेरिकेत महाविद्यालयीन कुस्ती खेळणारे तीन तरुण अशाच प्रकारे वजन उतरवताना दगावले आणि त्यानंतर तिथले नियम बदलावे लागले. पैलवानाच्या बाबतीत जे आपण उघड्या डोळ्यांनी ओळखतो, ते दूरचित्रवाणीवरच्या स्पर्धकाच्या बाबतीत विसरतो. त्या कार्यक्रमाच्या पहिल्याच पर्वाच्या विजेत्याने पुढे जाहीरपणे लिहिले, की अखेरच्या दिवसांत त्याने उपास करून आणि पाणी तोडून वजन उतरवले होते, लघवीतून रक्त जाण्यापर्यंत वेळ आली होती, आणि स्पर्धा संपल्यावर पाच दिवसांत त्याचे वजन सुमारे साडेचौदा किलोंनी वाढले, तेही मुख्यतः शरीरात पाणी परत आल्यामुळे. ज्या दिवशी बक्षीस मिळाले त्या दिवसाचे वजन आणि त्याच आठवड्याच्या शेवटचे वजन यांतले कोणते त्या माणसाचे खरे वजन म्हणायचे?

तरीही पाण्याचा हिशेब वजा केला म्हणजे सगळे संपले असे नाही, कारण तीस आठवड्यांत या स्पर्धकांची चरबी खरोखरच प्रचंड घटत असे. प्रशिक्षकांच्या देखरेखीखाली आठवड्यातले सहा दिवस दीड-दीड तासाचा कडक व्यायाम, त्याशिवाय स्वतःहून आणखी तीन तासांपर्यंत, आणि जोडीला तुटपुंजा आहार, असा तो क्रम होता. नोकरी नाही, शेत नाही, घरातले आजारपण नाही. ज्याला सकाळी सातला कारखान्याच्या पाळीवर जायचे आहे, किंवा जिला सासऱ्यांचे पथ्य आणि मुलांचे डबे सांभाळायचे आहेत, त्यांच्यासमोर हा क्रम आदर्श म्हणून ठेवणे मला अन्यायाचे वाटते.

त्या शरीरांचे पुढे काय झाले, हे आपल्याला कळले ते अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतील केव्हिन हॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांमुळे. त्यांनी आठव्या पर्वातल्या १६ पैकी १४ स्पर्धकांना सहा वर्षांनी पुन्हा तपासले आणि २०१६ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. स्पर्धेच्या तीस आठवड्यांत या चौदा जणांचे वजन सरासरी ५८.३ किलोंनी घटले होते. सहा वर्षांत त्यातले सरासरी ४१ किलो परत आले. एक सोडून बाकी सर्वांचे वजन कमीअधिक वाढले होते, आणि पाच जण जवळजवळ सुरुवातीच्या वजनाला किंवा त्याहून वर पोहोचले होते. मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते पुढचे. माणूस स्वस्थ पडून असताना हृदय, मेंदू, यकृत यांच्या कामासाठी शरीर जी ऊर्जा खर्च करते, तिचा खर्च या लोकांत स्पर्धेआधी दिवसाला सरासरी २,६०७ कॅलरी होता, स्पर्धा संपताना तो १,९९६ झाला आणि सहा वर्षांनी, वजन परत येऊनही, १,९०३ वरच राहिला. त्याच वयाच्या आणि त्याच शरीरबांध्याच्या माणसाकडून जेवढी अपेक्षा करावी त्याहून हे सरासरी ४९९ कॅलरींनी कमी होते. मध्यम आकाराच्या तीन ज्वारीच्या भाकऱ्या म्हणा. शेजारी बसून तेवढेच जेवणाऱ्या माणसाचे वजन स्थिर राहील आणि याचे वाढत जाईल.

भुकेचे तसेच. चरबीच्या पेशी लेप्टिन नावाचे संप्रेरक रक्तात सोडतात आणि साठा किती आहे याची खबर त्यातून मेंदूला मिळत राहते. स्पर्धा संपताना या स्पर्धकांच्या रक्तातले लेप्टिन सुरुवातीच्या पंधराव्या हिश्शाच्याही आसपास उरले होते. इतक्या कमी लेप्टिनचा अर्थ मेंदू एकच लावतो, तो म्हणजे उपासमार, आणि मग भूक वाढते, अन्नाचेच विचार मनात येत राहतात, अंग जड पडते. १९४४-४५ मध्ये ॲन्सेल कीज यांनी मिनेसोटात ३६ निरोगी तरुण स्वयंसेवकांना सहा महिने अर्धपोटी ठेवून हेच पाहिले होते. त्यांचे वजन सुमारे एक चतुर्थांश घटले, चयापचय मंदावला, आणि जेवण पूर्ववत झाल्यावरही कितीतरी दिवस त्यांची भूक भागेना. ते तरुण लठ्ठ नव्हते, आळशी नव्हते, दुबळ्या मनाचे तर मुळीच नव्हते.

इथे या अभ्यासाच्या मर्यादाही सांगायला हव्यात, कारण ज्याने दुसऱ्याच्या दाव्यावर शंका घ्यायची त्याने स्वतःचा पुरावा फुगवून सांगू नये. चौदा ही संख्या लहान आहे. सहा वर्षांनीही त्यांतले आठ जण सुरुवातीपेक्षा किमान दहा टक्क्यांनी हलके होते, ही गोष्ट सनसनाटी बातम्यांत बहुतेक वेळा गाळली जाते. ज्यांनी वजन अधिक टिकवले त्यांचाच चयापचय अधिक मंदावलेला आढळला, तेव्हा केवळ मंद चयापचयामुळे वजन परत आले असेही म्हणता येत नाही. आणि याच लोकांवरच्या २०१७ सालच्या निष्कर्षांनुसार, ज्यांनी वजन टिकवले त्यांनी आपली शारीरिक हालचाल स्पर्धेपूर्वीपेक्षा सुमारे १६० टक्क्यांनी वाढवलेली होती, तर ज्यांचे वजन परत आले त्यांची वाढ ३४ टक्क्यांच्या आसपास होती. म्हणजे टिकवणे शक्य आहे, पण त्याची किंमत जन्मभर रोज मोजावी लागते आणि ती किंमत पडद्यावर दाखवली जात नाही.

माझा राग आहे तो इथे. स्पर्धकाने कष्ट केले नाहीत असे मी कधीही म्हणणार नाही; त्याच्या कष्टांचा मला आदर आहे. पण कार्यक्रम अशा जागी थांबतो जिथे शरीराचा प्रतिकार नुकता कुठे जोर धरू लागलेला असतो, आणि मग पुढे जे घडते त्याचे खापर त्या माणसाच्या निर्धारावर फुटते. माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी स्त्रिया खाली मान घालून सांगतात, ‘डॉक्टर, मीच खाण्यावर ताबा ठेवू शकले नाही.’ बारा किलो घटवून त्यातले सात किलो परत आलेली बाई स्वतःला नापास समजते, कारण तिच्यासमोरचे माप पडद्यावरचे आहे. पाच किलो तिने टिकवले, याचे कौतुक घरातही कोणी करत नाही. लग्न ठरल्यावर दीड महिन्यात बारीक होण्यासाठी येणाऱ्या मुली, बाळंतपणानंतर तीन महिन्यांत पूर्वीसारखे दिसण्याचा आग्रह सोसणाऱ्या माता, यांना लाज देऊन काही साधत नाही. लाज वाटली की माणूस डॉक्टरकडे यायचाच थांबतो, आणि मग रक्तातली साखर वाढलेली उशिरा कळते.

बाजाराबद्दल थोडक्यात सांगतो. ‘औषधे आणि जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम’ १९५४ सालचा आहे आणि ज्या विकारांवर औषधाने इलाज करण्याच्या जाहिराती त्याने मना केल्या आहेत, त्यांच्या यादीत लठ्ठपणा आहे. चूर्ण, काढा किंवा गोळी विकण्यासाठी ‘हमखास वजन घटेल’ असे छापणाऱ्याविरुद्ध अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करता येते आणि ती करावी.

शिवाय आपल्या लोकांच्या बाबतीत नुसते वजन आणि नुसते छायाचित्र दोन्ही दिशांनी फसवतात. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचेच छायाचित्र छापले. दोघांचा उंचीच्या प्रमाणातला वजनांक अगदी सारखा, २२.३, पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. बारीक दिसणाऱ्या आपल्या माणसाच्या पोटात चरबी असू शकते आणि मधुमेहही असू शकतो, म्हणूनच भारतीयांसाठी पुरुषांच्या कंबरेची मर्यादा ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांची ८० सेंटिमीटर अशी धरली जाते. शिंप्याकडची मोजपट्टी त्या रंगीत छायाचित्रापेक्षा जास्त सांगते.

मग वजन घटवायचेच नाही का, असे आपण विचाराल. जरूर घटवायचे. अमेरिकेत मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या लोकांवर झालेल्या आणि २००२ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत लक्ष्य होते फक्त सात टक्के वजन घटवण्याचे आणि आठवड्याला दीडशे मिनिटे चालण्यासारख्या व्यायामाचे, आणि तेवढ्याने मधुमेह होण्याचे प्रमाण ५८ टक्क्यांनी घटले. ऐंशी किलोच्या माणसाला सात टक्के म्हणजे साडेपाच किलो. शेजाऱ्याच्या नजरेतही भरणार नाहीत इतके. मधुमेह असलेल्या पाच हजारांहून अधिक लोकांवर जवळजवळ दहा वर्षे चाललेल्या दुसऱ्या चाचणीत पहिल्या वर्षी सरासरी ८.६ टक्के वजन घटले आणि शेवटी सहा टक्के घट टिकून राहिली. त्यांची औषधे कमी लागली, झोपेत श्वास अडण्याचा त्रास कमी झाला, चालणे-फिरणे सुधारले; हृदयविकाराचे झटके मात्र तेवढ्याने कमी झाले नाहीत. रुग्ण समोर बसला की या दोन्ही बाजू मी त्याला सांगतो, त्याची कंबर मोजतो, साखर आणि रक्तदाब लिहून घेतो, आणि पुढच्या वर्षीही त्याच महिन्यात यायला सांगतो, वजन वाढले असले तरी.