सहीचा अर्ज : दोन महायुद्धांमधलं इंग्लंड

[दृश्य : एप्सम. लाल विटांच्या लांब इमारती, मधोमध पाण्याचा मनोरा.]

लंडनजवळच्या एप्सममध्ये शेजारी शेजारी पाच मनोरुग्णालयं होती. प्रत्येकात पुरुषांची बाजू वेगळी, स्त्रियांची वेगळी. जेवण झालं की सुऱ्या-काटे मोजून घ्यायचे आणि एक जरी कमी भरला तरी शोधाशोध सुरू व्हायची.

१८९० च्या ल्युनसी अ‍ॅक्टनुसार, म्हणजे वेड्यांविषयीच्या कायद्यानुसार, आत जायला वेडाचा दाखला लागे. पैसेवाल्या घरात नातेवाइकाचा अर्ज, दोन डॉक्टरांचे दाखले आणि दंडाधिकाऱ्याचा हुकूम. गरिबाला एकच डॉक्टर पुरे. दाखला मिळालेला माणूस ‘सर्टिफाइड’, आणि हा शिक्का घरी परतल्यावरही पुसला जात नसे. स्वतःहून उपचार मागणाऱ्यांसाठी लंडनमध्ये १९२३ साली मॉड्सली रुग्णालय उघडलं. मग १९३० चा मेंटल ट्रीटमेंट अ‍ॅक्ट आला. आता रुग्ण स्वतःच्या सहीनं भरती होऊ शकत होता आणि ७२ तासांची नोटीस देऊन निघूनही जाऊ शकत होता.

[दृश्य : न्यायालयाचा पिंजरा, रिकामा.]

पुरुषांमधल्या समलैंगिक संबंधांना १८८५ च्या कायद्यानं दोन वर्षांपर्यंत कैद होती, अगदी बंद दाराआडही. लोक त्याला ‘ब्लॅकमेलरची सनद’ म्हणत. स्त्रियांनाही त्यात ओढायचा प्रस्ताव १९२१ मध्ये संसदेच्या कनिष्ठ सभागृहानं, कॉमन्सनं मंजूर केला. वरिष्ठ सभागृहानं, लॉर्ड्सनं तो फेटाळला, कारण बायकांना असल्या गोष्टी कळूच नयेत, अशी त्यांची धास्ती!

समलैंगिकांना सरसकट वेड्यांच्या इस्पितळात डांबत, असा समज आहे. तो बरोबर नाही. नुसत्या या ओढीवर सहसा दाखला मिळत नसे. माणूस वॉर्डात पोहोचे तो भीतीनं खचून, ब्लॅकमेलला कंटाळून, जीव द्यायचा प्रयत्न करून. आणि आत्महत्येचा प्रयत्नही १९६१ पर्यंत गुन्हाच होता.

[दृश्य : सह्यांनी भरलेलं कार्ड, अगदी जवळून.]

हे सूचना-कार्ड. रुग्ण जिवाचं बरंवाईट करील अशी शंका आली की त्याच्या नावानं निघे. पाळी बदलली की येणारा परिचारक त्यावर सही करी : याला नजरेआड होऊ देणार नाही. न्हाणीघरातही नाही.

रात्री झोपेसाठी पॅराल्डिहाइड. त्याचा उग्र वास दुसऱ्या दिवशीही श्वासाला येई. दिवसा शांत ठेवायला ब्रोमाइड. ब्रोमाइड शरीरातून फार सावकाश बाहेर पडतं, म्हणून रोजच्या डोसांनी साचत जातं. मग जीभ जड होते, अंगावर फोड येतात, माणूस बरळतो. हे औषधाचं विष आहे हे न ओळखता आजारच वाढला असं समजलं, तर डोस आणखी वाढे.

‘विपर्यस्त’ ठरवलेल्या ओढीवर मात्र भर होता बोलण्याचा : मनोविश्लेषण, मनावर ठसवायच्या सूचना, संमोहन. ही ओढ बहुतेकदा जन्मजात असते, रोग नव्हे, असं लैंगिकतेचे इंग्रज अभ्यासक हॅवलॉक एलिस १८९७ पासून मांडत होते. तरी लग्न हाच इलाज सांगणारे डॉक्टर होते. त्या पत्नीचं काय होणार, हे कुणी विचारावं?

याच काळात, १९३४ मध्ये, मुंबईत र. धों. कर्व्यांवर ‘समाजस्वास्थ्य’ या त्यांच्या मासिकातल्या उत्तरांसाठी खटला चालला. वाचकांच्या प्रश्नांत समलैंगिकतेचाही प्रश्न होता, आणि कर्व्यांची बाजू डॉ. आंबेडकरांनी लढवली.

[दृश्य : प्रोबेशनचा कागद.]

इंग्लंडमध्ये काही दंडाधिकारी तुरुंगाऐवजी १९०७ च्या कायद्याखाली प्रोबेशन देत, म्हणजे अटीवर मोकळं सोडत. अट एकच, उपचार घ्यायचे. तुरुंग टाळायला माणूस अर्जावर सही करी आणि कागदोपत्री ‘स्वेच्छेनं आलेला’ ठरे. त्यालाही ७२ तासांची नोटीस देता येत होती. पण उपचार सोडले की प्रोबेशन मोडलं, आणि मूळ गुन्ह्याच्या शिक्षेसाठी पुन्हा त्याच न्यायालयात उभं राहायचं.