माओरी वाक्यातला नकार

मराठीत ‘नाही’ वाक्याच्या शेवटी येतं. न्यूझीलंडच्या माओरी भाषेत नकार वाक्याच्या तोंडाशीच उभा राहतो, आणि आला की मागच्या शब्दांना हलवतो.

पडद्यावरचं वाक्य पाहा : ‘इ हाएरे इआ’. तो गेला किंवा ती गेली. ‘इआ’ला लिंग नाही. ‘इ’ भूतकाळाची खूण, ‘हाएरे’ म्हणजे जाणं. आता नकार : ‘काओरे इआ इ हाएरे’. शेवटचा ‘इआ’ उडी मारून ‘काओरे’च्या शेजारी आला. कर्ता नाम असेल, समजा ‘ते तामाइती’, म्हणजे ते मूल, तर तो मागेही राहू शकतो. सर्वनाम मात्र बहुधा पुढेच येतं. 1969मध्ये भाषाशास्त्रज्ञ पॅट होहेपा यांनी याचं कारण मांडलं : इथला नकार स्वतःच क्रियापदासारखा आहे. मग कर्ता त्याच्याकडे ओढला गेला तर नवल नाही.

खरी अडचण काळाच्या खुणांची. नकारात त्यातल्या काही बदलतात. ‘का’ या खुणेचा ‘ए’ होतो. चालू क्रियेच्या ‘केइ ते’चा होतो ‘इ ते’. शिकणारे हमखास ‘काओरे इआ केइ ते हाएरे’ म्हणतात, ते चूक. बरोबर : ‘काओरे इआ इ ते हाएरे’. पण ‘जात होता’लाही ‘इ ते’च लागतं, म्हणजे नकारात ‘जात नाही’ आणि ‘जात नव्हता’ एकसारखे दिसतात. काळ संदर्भावरून किंवा ‘इनानाही’सारख्या शब्दावरून कळतो. ‘इनानाही’ म्हणजे काल. त्यातलं ‘नाही’ आपल्याच कानांना ऐकू येतं!

पूर्ण झालेल्या क्रियेची खूण ‘कुआ’. तिचा नकार लांब पडतो : ‘काओरे आनो इआ किआ हाएरे’, अजून गेला नाही.

‘तो शिक्षक आहे’, ‘हे काइआको इआ’, याला ‘काओरे’ चालत नाही. तिथे आपल्या ‘नव्हे’सारखा ‘एहारा’ लागतो : ‘एहारा इआ इ ते काइआको’. पण तोच माओरी ‘हे’ विशेषणाआधी आला, ‘हे नुइ तेनेइ फारे’, हे घर मोठं आहे, की पुन्हा ‘काओरे’ : ‘काओरे तेनेइ फारे इ ते नुइ’. म्हणून ‘हे’ दिसताच थांबून पुढे नाम आहे की गुण, ते पाहायचं.

पैसे नाहीत? ‘काओरे आकु मोनी’. क्रियापदच नाही.

मनाईसाठी आपल्या ‘नको’च्या जागी ‘काउआ’, आणि त्यामागे ‘ए’ : ‘काउआ ए हाएरे!’ जाऊ नकोस.