पुस्तकांच्या सोबतीला राहिलेले डॉक्टर

श्रोतेहो, नमस्कार.

मेडिकल कॉलेजची लायब्ररी कशी असते ते तुम्हांला ठाऊक आहे. घरातलं, शेजारचं कुणीतरी तिथं रात्र रात्र बसलेलंच असतं. म्हणून ते वर्णन राहू दे. आज जाऊया कॅनडात, मॉन्ट्रियलला. तिथल्या मॅकगिल विद्यापीठात वैद्यकाच्या इतिहासाची ऑस्लर लायब्ररी आहे. नाव लक्षात ठेवा, ऑस्लर.

डॉक्टर विल्यम ऑस्लर 1872 साली मॅकगिलमधून पास झाले. पुढं तिथंच शिकवलं, मग अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सला, आणि 1905 पासून ऑक्सफर्डला. विद्यार्थ्यांना रुग्णाच्या खाटेपाशी नेऊन शिकवणारा माणूस, पण पुस्तकांचं वेड जबर. सुमारे आठ हजार पुस्तकं जमवली. नुसती जमवली नाहीत, लावली. वैद्यक ज्या ग्रंथांमुळे पुढं सरकलं त्यांचा विभाग वेगळा, आणि तो काळाच्या क्रमानं: प्राचीन ग्रीक वैद्य हिपोक्रॅटिस आणि गॅलेन, मग 1543चा वेसालिअसचा शरीररचनेवरचा ग्रंथ, 1628चा हार्वेचा रक्ताभिसरणावरचा. (आपल्याकडे असे ग्रंथ कुलूपबंद कपाटात असतात आणि किल्ली असते रजेवर गेलेल्या माणसाकडे. असो.)

आता ज्या गोष्टीसाठी मी हा विषय घेतला, ती सांगतो. 1917 साली ऑस्लरांचा एकुलता एक मुलगा, रिव्हिअर, बेल्जियममध्ये युद्धात गेला. बापाचा हा घाव भरला नाही. दोन वर्षांनी, 1919च्या डिसेंबरात तेही गेले. पुस्तकं त्यांनी मॅकगिलला देऊन ठेवली होती, पण यादीचं काम अर्धवट होतं. ते हाती घेतलं नात्यातल्याच डॉक्टर फ्रान्सिस यांनी, आणखी दोघांच्या साथीनं. किती वर्षं लागली? जवळजवळ दहा! ऑस्लर पुस्तकांवर गप्पा मारल्यासारख्या टिपा लिहून ठेवत, त्याही यादीत आल्या. अशी यादी उशाशी घेऊन वाचावी. हल्ली कॉम्प्युटरवर नुसता नंबर येतो, त्यात कसली मजा!

1929 साली लायब्ररी उघडली. पुस्तकं आली, आणि पुस्तकांबरोबर ऑस्लरही आले. हो, पुन्हा सांगतो, ऑस्लरही आले! आपल्याकडे रक्षा तिसऱ्या दिवशी नदीला. घरात कोणी ठेवत नाही. त्यांची रक्षा मात्र लायब्ररीच्या भिंतीत ठेवली आहे, त्यांचा चेहरा असलेल्या ब्राँझच्या फलकामागं. आजूबाजूला आवडती पुस्तकं. आणि पत्नीची रक्षाही तिथंच. फ्रान्सिस तिथले ग्रंथपाल झाले ते 1959 साली मरेपर्यंत. ग्रंथपालाला आपण पुस्तकांचा पहारेकरी समजतो, तो खरा यजमान असतो, हे माझं मत मी सोडणार नाही.

पुढं, 1965 साली, लायब्ररी विद्यापीठाच्या दुसऱ्या इमारतीत गेली. तेव्हा ती भिंतींना लाकडी फळ्या लावलेली खोलीच्या खोली उचलून नेली, रक्षेसकट. 2018च्या जुलैत त्या इमारतीला आग लागली, पाण्यानं काही पुस्तकं भिजली. भिजलेलं जुनं पुस्तक उन्हात वाळवायचं नसतं बरं का. ते आधी गोठवतात, म्हणजे बुरशी धरत नाही.