अंकुराची वाढ आणि ब्रह्मकमळाची रात्र

श्रोतेहो, नमस्कार.

आमच्या गॅलरीत ब्रह्मकमळाची कुंडी आहे. आपण घरोघरी ज्याला ब्रह्मकमळ म्हणतो ते निवडुंगाच्या कुळातलं, मूळचं मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतलं झाड. हिमालयात फुलणारं ब्रह्मकमळ वेगळं. पण आपल्याकडे हे झाड असं काही रुळलंय, की एका घरातलं पान दुसऱ्या घरच्या कुंडीत खोचायचं आणि पावसाळ्यात कळी आली की एकमेकांना सांगत सुटायचं, ही रीतच झाली आहे. कळी रात्री उमलते, सकाळपर्यंत मिटते. त्यामुळे "आज फुलणार हं, या रात्री!" असं बोलावणं येतं. शेजारच्या काकू हळदकुंकू घेऊन येतात. कोणी तासभर थांबतं, कोणी दहा मिनिटं. फूल सगळे बघतात. पण ते उमलताना कोणी पाहिलं? तुम्ही कळीकडे टक लावून बसा, ती हलताना दिसणार नाही. चहा टाकायला आत जा, परत या, तर पाकळ्या बोटभर उघडलेल्या.

डोळ्यांना जे सापडत नाही ते सापडावं म्हणून मी मोबाईलवर टाईमलॅप्स, म्हणजे सावकाश घडणारी गोष्ट भराभर पळवून दाखवणारा व्हिडिओ, करू लागले. आज त्याबद्दलच बोलायचं आहे.

आपण मराठी माणसांनी या गोष्टीकडे परकं तंत्र म्हणून बघायचं कारण नाही. 1912 साली दादासाहेब फाळके लंडनहून विल्यमसन कंपनीचा कॅमेरा घेऊन आले. त्यांना हरिश्चंद्राचा चित्रपट काढायचा होता, पण पैसा उभा राहत नव्हता. हे यंत्र काय करू शकतं ते लोकांना दाखवायला हवं होतं. तेव्हा त्यांनी काय केलं? कुंडीत वाटाणे पेरले आणि कॅमेरा समोर रोखून ठेवला. महिन्याहून जास्त काळ, एकेक चित्र घेत, त्यांनी त्या रोपाची वाढ फिल्मवर टिपली. त्याचं नाव 'अंकुराची वाढ'. निवडक माणसांना ते दाखवल्यावर भांडवल द्यायला माणसं पुढे आली. त्यांच्या पत्नी सरस्वतीबाईंनी आपले दागिनेही त्याच कामासाठी दिले. 'राजा हरिश्चंद्र' लोकांसमोर आला तो 3 मे 1913 रोजी. म्हणजे आपल्याकडच्या चित्रपटाच्या गोष्टीत राजा येण्याआधी वाटाण्याचा अंकूर आला. मला याचं फार अप्रूप वाटतं. फाळक्यांकडे तो कॅमेरा हातानं फिरवायचा होता, फिल्म धुवायची तीही घरीच. आपल्या खिशातला फोन तेच काम एका बटणावर करतो.

आता ते काम नेमकं काय, ते बघू. व्हिडिओ म्हणजे भराभर दाखवलेले फोटो. फोनच्या व्हिडिओत सेकंदाला साधारण 30 फोटो असतात. एरवी फोन ते घेतोही सेकंदाला 30 आणि दाखवतोही 30, म्हणून हालचाल आपल्याला जशीच्या तशी दिसते. टाईमलॅप्समध्ये फोटो सावकाश घ्यायचे, दर पाच सेकंदांनी एक, दर मिनिटाला एक, आणि दाखवायचे मात्र नेहमीच्याच वेगानं. सगळी करामत दोन फोटोंमधल्या त्या अंतरात आहे. त्याला इंटरव्हल म्हणतात. मला विचाराल तर कॅमेरा किती मेगापिक्सेलचा यापेक्षा हे अंतर किती ठेवलं याला दहापट महत्त्व आहे. आणि ते ठरवायचं तर आधी समोरची गोष्ट कोणत्या गतीनं बदलते ते ठाऊक हवं. फूल, ढग, भरती, प्रत्येकाची चाल निराळी. फोन हातात घ्यायच्या आधी नुसतं बसून बघावं लागतं. मला या छंदात हेच सगळ्यात आवडतं.

ब्रह्मकमळाचा हिशेब करू या. आमच्याकडे कळी संध्याकाळी सातच्या सुमारास सैल व्हायला लागते आणि बाराच्या आसपास पूर्ण उमलते. म्हणजे पाच तास, 300 मिनिटं. मिनिटाला दोन फोटो घेतले तर 600 फोटो. ते सेकंदाला 30 या वेगानं दाखवले की 20 सेकंदांचा व्हिडिओ. फूल उमलायला 20 सेकंद छान पुरतात. म्हणून माझं अंतर 30 सेकंदांचं.

फोनमध्ये हे कसं लावायचं ते मात्र फोनवर अवलंबून. आयफोनमध्ये अंतर निवडायची सोय मूळ कॅमेऱ्यात नाही. वेळ जसजसा वाढतो तसतसा तो आपोआप मधले फोटो गाळत जातो आणि व्हिडिओ साधारण 20 ते 40 सेकंदांत बसवतो. काही अँड्रॉइड फोनमध्ये सेकंद निवडता येतात. काहींमध्ये 'किती पट वेग' असं विचारतात: 10 पट, 30 पट, 60 पट. तिथे पटीला 30 नं भागायचं, की अंतराचे सेकंद मिळतात. 60 पट म्हणजे दर दोन सेकंदांनी एक फोटो. त्या हिशेबानं पाच तासांचं फूल पाच मिनिटांत बसतं. हे कंटाळवाणं होईल, पण मग तो व्हिडिओ एडिटिंगच्या ॲपमध्ये आणखी 15 पट पळवायचा, की आले 20 सेकंद.

पहिल्या वर्षी माझी चूक झाली ती चौकटीची. कळी सुंदर दिसत होती, म्हणून फोन अगदी जवळ नेला, चौकट कळीनं भरून टाकली. रात्री नऊला बघते तर अर्धं फूल चौकटीबाहेर. कळी उमलते तेव्हा ती जागच्या जागी उघडत नाही, श्रोतेहो. तिचा देठ आकड्यासारखा वळलेला असतो, तो हलतो, कळी मान उचलते, आणि उमललेलं फूल चांगलं वीतभर रुंद होतं. तेव्हापासून मी कळीच्या चहूबाजूंनी तिच्याएवढीच रिकामी जागा सोडते. वर थोडी जास्तच.

दुसऱ्या वर्षी तयारी नीट केली. गॅलरीत वारा, म्हणून कुंडी दुपारीच आत आणली. पंखा बंद. खिडकी बंद. पाच तास त्या खोलीत उकडलं, पण वाऱ्यानं हलणारं पान व्हिडिओत भूत लागल्यासारखं थरथरतं, त्यापेक्षा उकाडा बरा. मागे गडद निळी चादर टांगली, पांढरं फूल उठून दिसावं म्हणून. उजेडासाठी एकच दिवा, बाजूनं. इथे एक अडचण येते ती सांगते. आपल्याकडची वीज 50 हर्ट्‌झची, त्यामुळे बरेच दिवे सेकंदाला 100 वेळा मंद-तेज होत असतात. डोळ्यांना कळत नाही, फोटोला कळतं. एक फोटो उजळ, दुसरा काळपट, कुठे आडवे पट्टे, आणि व्हिडिओ नुसता लुकलुकतो. स्वस्तातल्या एलईडी बल्बचा हा दोष मी फार पाहिला. फोनमध्ये प्रो मोड, म्हणजे कॅमेऱ्याची सेटिंग स्वतः बदलायची सोय, असेल तर शटर, म्हणजे एका फोटोला उजेड घ्यायचा वेळ, एक-पन्नासांश किंवा एक-शतांश सेकंदावर ठेवा. नसेल तर संध्याकाळी पाच मिनिटांचा नमुना घेऊन बघा, आणि लुकलुकत असेल तर बल्ब बदला. 

दुसरं लुकलुकणं फोन स्वतः करतो. समोरून कोणी पांढरा सदरा घालून गेलं की फोनला वाटतं उजेड वाढला, तो चित्र काळं करतो. त्यासाठी स्क्रीनवर कळीवर बोट दाबून धरायचं, कुलूप लागल्याची खूण दिसेपर्यंत. फोकस आणि उजेड दोन्ही तिथेच थांबतात. खोलीतल्या फुलासाठी हे कुलूप हवंच. सूर्यास्ताला मात्र लावू नका. उजेड खरोखरच कमी होत जाणार असतो, आणि कुलूपबंद फोन शेवटी काळोखच दाखवतो.

फोन स्थिर ठेवायला ट्रायपॉड असला तर उत्तम. माझ्याकडे तेव्हा नव्हता. स्टीलचा मोठा डबा, त्यावर किलोभर तांदळाची पिशवी, आणि तांदळात फोन रुतवून बसवलेला. तांदूळ फोनला अगदी घट्ट धरतात. लेन्स मऊ सुती कापडानं पुसली, पावसाळ्यात तिच्यावर वाफ धरते. चार्जर लावून ठेवला, मागचं कव्हर काढलं, कारण चार्जिंगला लावलेला फोन तासन्‌तास चालला की तापतो. फ्लाईट मोड लावला, नाहीतर नेमका मावशीचा फोन येतो आणि सगळं तिथेच थांबतं. 

सात वाजता बटण दाबलं. साडेनऊला वीज गेली.

सात मिनिटं गेली होती. मी अंधारात हळहळत बसले होते, आई म्हणाली, "अगं, फूल थोडंच थांबलंय?" आणि तिचं खरंच होतं. वीज आली तेव्हा फोन आपलं काम करतच होता. सात मिनिटं म्हणजे माझ्या हिशेबानं 14 फोटो. व्हिडिओत ते अर्ध्या सेकंदाहूनही कमी. पापणी लवल्यासारखा एक काळा क्षण येतो आणि फूल पुन्हा दिसतं, मघापेक्षा थोडं अधिक उघडलेलं. ते 14 फोटो मी काढून टाकले नाहीत. काकूंचा हळदकुंकू वाहतानाचा हातही एका फोटोत आहे. एवढ्याशा काळात तो दिसतो न दिसतो, पण मग फुलाच्या देठाशी लाल ठिपका उरतो आणि शेवटपर्यंत राहतो.

घराबाहेरची एक गोष्ट सांगते. दाभोळच्या खाडीवर भरतीचा टाईमलॅप्स करायचा होता. ओहोटीपासून पूर्ण भरतीपर्यंत साधारण सहा तास लागतात. कधी बसायचं ते ठरवायला कोकणातला जुना हिशेब आहे: तिथीला तिनानं गुणा, चारानं भागा, पूर्ण भरतीची वेळ स्थूलमानानं मिळते. अष्टमी असेल तर सहाच्या सुमारास. उधाणाचे दिवस धरावेत, अमावास्या-पौर्णिमेच्या आसपासचे, तेव्हा पाणी सगळ्यात जास्त चढतं. भांगाच्या, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या, दिवसांत फरक कमी दिसतो.

मी दर 10 सेकंदांनी एक फोटो लावला होता. धक्क्याच्या पायऱ्या पाण्यात एकेक करून बुडताना दिसतील, एवढीच माझी अपेक्षा. त्या दिसल्याही. दाभोळ-धोपावे फेरीबोट मात्र या काठावरून त्या काठावर उड्या मारल्यासारखी दिसते, कारण 10 सेकंदांत ती बरंच अंतर कापते. पण पाहण्यासारखं निघालं ते वेगळंच. खाडीत नांगरलेल्या होड्या प्रवाहाकडे तोंड करून उभ्या असतात. ओहोटीचं पाणी समुद्राकडे जात असतं तोवर त्यांची नाळ, म्हणजे पुढचं टोक, वरच्या अंगाला, जमिनीकडे. मग पाणी थबकतं. काठावर बसलेल्या मला तेव्हा काही घडतंय असं वाटलंही नव्हतं, मी भाकरी खात होते. व्हिडिओत त्या क्षणी सगळ्या होड्या डुलतात, घुटमळतात, आणि एकेक करून वळून समुद्राकडे तोंड करतात. धक्क्यावरच्या एका आजोबांना फोनवर ते दाखवलं. जन्म खाडीत गेलेला माणूस. ते शांतपणे म्हणाले, "बरोबर. पाणी फिरलं." त्यांना ते दिसत होतंच, पाण्यात होतं तेव्हाही.

ढगांसाठी अंतर फार ठेवू नका. सह्याद्रीवर पावसाळ्यात ढग कड्यावरून ओतल्यासारखे खाली येतात, त्यांना दोन-तीन सेकंद पुरे. सूर्यास्ताला चार सेकंद, आणि तासभर आधी सुरू करा, कारण बिंब क्षितिजाला टेकल्यापासून मावळायला जेमतेम दोन-तीन मिनिटं लागतात. मोड आलेली मटकी लावायची असेल तर पाच-पाच मिनिटांचं अंतर चालेल. मुलांना सुट्टीत करायला याहून चांगलं काम मला सुचत नाही: ओला कापूस, चार दाणे, एक जुना फोन, दोन दिवस. उन्हात मात्र फोन उघडा ठेवू नका, तापला की तो स्वतःहून बंद पडतो. वर पुठ्ठ्याची सावली करा.

आता पुन्हा आमच्या ब्रह्मकमळाकडे येते. सगळे जण फूल पूर्ण उमललं की फोन उचलतात. मीही दोन वर्षं तेच केलं. गेल्या श्रावणात फोन रात्रभर तसाच राहू दिला, संध्याकाळी सातपासून सकाळी साडेसहापर्यंत. 690 मिनिटं, 1380 फोटो, 46 सेकंद. पहिल्या 20 सेकंदांत फूल उमलतं. मग काही सेकंद ते अगदी स्तब्ध, खोली रिकामी, मंडळी आपापल्या घरी गेलेली. आणि मग पाकळ्यांची टोकं हळूच आत वळायला लागतात. ज्या क्रमानं उघडल्या होत्या तसा काही त्यांचा मिटायचा क्रम नाही, सगळ्या एकत्रच मऊ पडतात. देठानं संध्याकाळी उचललेली मान खाली येते. मागच्या चादरीवर खिडकीतून उजेड चढू लागतो, निळा, मग करडा. शेवटच्या फोटोत चौकटीच्या कडेनं आईचा हात आत आलाय, हातात पाण्याची झारी.

नमस्कार.